फुकटचं नोटेशन

जागेश्वरासारखा शहाणा अख्ख्या अर्जुनीच्या बाजारात शोधून सापडायचा नाही, असं धुरपता म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं. जागेश्वर तिचा नवरा. गावच्या तलावाचं पाणी बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, वाटून द्यायचं काम त्याच्याकडे बापापासून चालत आलेलं. तलावाचं तोंड उघडलं की तो तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर बसून बासरी वाजवायचा. चाल एकच, पण ती त्याची स्वतःची. ती कानी आली की भाताच्या रोवणीच्या बाया कंबर सरळ करून म्हणत, "आलं वो पाणी!" धुरपताला या माणसात दुसरं काही धड दिसत नव्हतं. रूप नाही, बोलणं तर एरंडेल. पण त्या चालीपायी तिनं त्याचं सगळं खपवून घेतलं होतं.

सन पस्तीसच्या गोपालकाल्याला गोंदियाहून नंदलाल मास्तर आला. हा कोण, तर पेटी वाजवणारा. अंगात चुरगळलेला कोट, तोंडात पान, आणि मोठेपणा दोन गावांना पुरेल एवढा. कान्होबापुढे जागेश्वरानं आपली चाल वाजवली. मास्तरानं ती तीनदा वाजवायला लावली, वहीत काहीबाही खरडलं, वही खिशात घातली आणि मग विचारलं, "नोटेशन आता है?"

"ते काय राह्यते जी?"

"कागज पे लिखा हुआ सुर. नहीं आता? तो भैया, ये बजाना नहीं हुआ, फूँकना हुआ. चूल्हा तो औरतें भी फूँकती हैं."

लोक फिदीफिदी हसले. त्या हसणाऱ्यांना तरी नोटेशन म्हणजे कोणता पालापाचोळा ते कुठे ठाऊक होतं! पण जागेश्वराला ते झोंबलं. घरी येऊन त्यानं बासरी छपरात खोचली. "आता वाजवीन तं कागद पाहूनच," म्हणाला.

नोटेशनची पुस्तकं गोंदियाला विकत मिळायची. पण विकत! ज्या माणसानं सासऱ्याच्या तेराव्यालाही जुनंच धोतर उलटं करून नेसलं, तो पुस्तक विकत घेणार? फुकटात मिळतं का म्हणून तो दारोदार फिरला. शाळेच्या गुरुजींनी पाढ्यांचा कागद दिला. स्टेशनबाबूनं जुनं टाइमटेबल हातावर ठेवलं, तर या पठ्ठ्यानं त्यातले आकडे आठ दिवस बोटांवर मोजून पाहिले.

वर्षभरानं बाजारात नव्या बिडीचा कट्टा आला. कट्ट्याच्या आत चिठ्ठी: बासरी शिका, अगदी फुकट! एका चिठ्ठीवर गाण्याची एक ओळ. बारा ओळी जमवा की गाणं पुरं. पहिल्या ओळीच्या चिठ्ठीवर कोणत्या सुराला कोणती भोकं झाकायची त्याचं चित्रही होतं. जागेश्वराला आभाळ ठेंगणं झालं.

जन्मात बिडीला न शिवलेला माणूस कट्टे आणू लागला.

"चिठ्ठी घ्या अन् बिड्या कोनाले देऊन टाका ना," धुरपता म्हणाली.

"फुकट कायले देऊ? चिठ्ठी फुकट होय. बिडी पैशाची होय!"

घ्या! म्हणून हा स्वतःच फुंकत बसला. तिसरी ओळ अकरा वेळा आली. सातवी काही केल्या येईना. अर्धवट गाणं वाजवणं म्हणजे विद्येचा अपमान, असं त्याचंच शास्त्र, म्हणून बासरी छपरातच धूर खात राहिली. दोन रोवण्या तशाच गेल्या. पाणी आलं हे बायांना पाय भिजल्यावर कळायचं. धुरपता चिखलात वाकलेली असायची आणि तिचे कान पाळीकडे लागलेले असायचे. तिथून ऐकू यायचा तो नुसता खोकला. तिला त्याची कीव येत नव्हती, संताप यायचा.

अडतीसच्या गोपालकाल्याच्या आदल्या दिवशी सातवी ओळ निघाली. जागेश्वरानं भाताच्या पेजेनं बाराही चिठ्ठ्या पाटीवर ओळीनं डकवल्या, बासरी पुसली आणि एकेक सूर बोटानं दाखवत, थांबत थांबत वाजवू लागला. दोन ओळी झाल्या. तिसरीला धुरपताच्या हातातलं सूप थांबलं. चौथी त्यानं वाजवण्याआधीच तिच्या तोंडून निघाली.

"अवो, हे तं तुमचंच होय! पाळीवरचं!"

"चूप! तुले काय समजते? हे नोटेशन होय." पाटीच्या तळाशी, शेवटच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरं होती. ती त्यानं मोठ्यानं वाचली, "संगीतकार, नंदलाल मास्तर, गोंदिया." आणि त्या गाढवानं पाटीला हात जोडले.

धुरपतानं पाटी उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. "मास्तर गेला चुलीत. माह्यासाठी एक डाव वाजवा. पहिले वाजवत होते तसं, कागद न पाहता."

तिच्या आवाजात असं काही होतं की तो सरसावून बसला. त्यानं डोळे मिटले. बोटं आपोआप भोकांवर गेली, ती काहीच विसरली नव्हती. सुरुवातीचा लांब सूर उठला, अर्ध्यावर फाटला, आणि खोकल्याची जी उबळ आली ती बासरी हातातून पडेपर्यंत थांबली नाही. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नुसती हवा आली.

धुरपतानं त्याच्या हातातून बासरी काढून घेतली.

"नोटेशन फुकट भेटलं म्हनता ना?" ती म्हणाली. "मंग दम कोनाले देऊन आले?"