माठाला हिरवा रंग

मी एकदा प्यायच्या पाण्याच्या माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला होता. हिरवा. दाराला लावून उरलेला. नाती हे ऐकून पोट धरून हसतात आणि मीही हसते, कारण ती माठ रंगवणारी पोरगी आता मला माझी कोणीच वाटत नाही. होती कोणी तरी दीडशहाणी.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या भागात नळ दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेचा. मी कळमेश्वरची. माहेरी अंगणात विहीर, दोर सोडला की पाणी. पाणी साठवून ठेवायचं असतं हे मला नागपूरला सासरी येऊन कळलं. सासूबाईंनी सगळं लावून दिलेलं होतं: धुण्याभांड्याचं पाणी अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात, स्वयंपाकाचं पितळी गुंडांत आणि प्यायचं खिडकीखालच्या मोठ्या माठात. माठ त्यांनी कुंभाराकडे एकेक वाजवून निवडला होता. त्यातून पाणी काढायचं ते त्यांनीच; आम्ही फक्त पेला पुढे करायचा.

मग भिवापूरला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. बसमध्ये चढताना त्यांनी मला घर नाही सांभाळायला सांगितलं, नवराही नाही. म्हणाल्या, "पाणी जपजो वं. एक थेंब वाया जाऊ देऊ नको."

मी फुगले. घरातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या हाती आली होती, आणि ती पुन्हा त्यांच्याकडे जाऊ नये असंही मनात होतं.

दुसऱ्याच दिवशी चोरी पकडली. माठाखालच्या वाळूत बोट घातलं, तर ओल. माठ माझ्या डोळ्यांदेखत झिरपत होता. संध्याकाळी मी यांना ते दाखवलं. लग्न नवं होतं, मी म्हणेन ते यांना पटायचं. माळ्यावरून रंगाचा डबा यांनीच काढून दिला. पाणी गुंडात काढलं, माठ दिवसभर उन्हात खडखडीत वाळवला आणि दोन हात मारले. दाराला बसला नसेल असा छान बसला रंग. रंग वाळल्यावर माठ भरला आणि तासातासाला वाळूत बोट घालून पाहत राहिले. कोरडी. मी तर गाणी म्हणत होते.

दुसऱ्या दुपारी यांनी पेला तोंडाला लावला आणि विचारलं, चहापत्ती टाकायची राहिली का. पाणी कढत, वर नव्या दाराचा वास. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की तो झिरपायचा म्हणून तर गार करायचा.

विटेच्या तुकड्यानं घासून पाहिलं. रंग जागोजागी निघाला, माठ कोड फुटल्यासारखा दिसायला लागला. नवा आणावा, तर नवा माठ आधी भिजत घालायचा, पहिलं पाणी फेकायचं. फेकायला पाणी होतं कुठे?

सासूबाई भर दुपारच्या बसनं आल्या. डोक्याकानाला पदर गुंडाळलेला, चेहरा लाल. टेकल्या आणि माठातलं पाणी मागितलं. मी दिलं. एका घोटावर थांबल्या, लोट्यात वाकून पाहिलं आणि उरलेलं सगळं प्यायल्या. पाणी ओतून देणं त्यांच्यात नव्हतंच. मग उठून खिडकीपाशी गेल्या. यांना नेमकं तेव्हाच बाहेर काम आठवलं.

त्यांनी माठाला एक फेरी घातली. वाळूत बोट घातलं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, थेंबाचंही. आता पेला पुढे करायचीच आपली लायकी, असं वाटत होतं.

त्या परत येऊन बसल्या, पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाल्या,

"थेंब तं खरंच नाही जाऊ दिला तुनं. उद्या कुंभाराकडं चाल, नवा माठ तूच वाजवून घेजो. अन् डब्यात रंग उरला असन, तं मलेही एक हात मारून दे वं. बसमंदी बसून बसून लय घाम वाया गेला माहा."