उडण्याचं अक्षर

पाटणहून मी कायमची माहेरी आले, तेव्हा गावात कुणी 'आली' म्हटलं नाही. 'उडून आली' म्हणाले. नवरा मारतो हे दोन्हीकडच्या पाहुण्यांना ठाऊक होतं, लग्न जुळवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण मार खात राहिली ती सोशिक आणि निघून आली ती उडाणटप्पू, अशी आमच्याकडची सरळ रीत. चुलते सोप्यात बसले होते आणि मी आत चहा करत होते. मला ऐकू जाईल अशा बेतानंच ते वडिलांना म्हणाले, "पोरगी उडानटप्पू निगाली, दादा. आता घरात बसवून ठेव."

मी चहा बाहेर आणला, कप त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "बसायला न्हाई आले मी, काका."

म्हणाले खरी, पण करणार काय ते मलाच माहीत नव्हतं. बी. कॉम. झालेलं होतं, त्याला बरीच वर्षं लोटली होती. घटस्फोटाच्या कामासाठी कवठे महांकाळवरून एसटीनं सांगलीला खेपा चालल्या होत्या. वकिलांच्या ऑफिसच्या जिन्यात एक पाटी होती, जपानी भाषेच्या वर्गाची. येता-जाता ती दिसायची. एक दिवस वकील कोर्टात अडकले, बाकड्यावर बसून जीव उबगला, म्हणून मी उठून वरच्या मजल्यावर गेले.

शिकवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या होत्या. सांगलीतल्याच, जैन व्यापारी घरातल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळं त्यांची उमेदीची वर्षं जपानात गेली, मधला काही काळ कोरियात. नवरा वारल्यावर त्या एकट्या परत आल्या होत्या. नवीन ठिकाणी गेलं की मला पहिला प्रश्न लग्नाचा यायचा, मी उत्तर तयार ठेवूनच जायची. बाईंनी विचारलं, "सकाळच्या वर्गाला येणार की दुपारच्या?" मी दुपार सांगितली. एसटी दुपारची सोयीची होती.

पहिली सोपी अक्षरं मी भांडी घासताना म्हणत-म्हणत पाठ केली. मग चीनमधून आलेली चित्रासारखी अक्षरं सुरू झाली, आणि एका दुपारी बाईंनी फळ्यावर हे काढलं: 飛.

"उडणं," त्या म्हणाल्या.

वर एक पंख, खाली दुसरा, मधे ताठ दांडा. कुठली रेघ आधी आणि कुठली मागून, यात भलेभले चुकतात. मला ते पहिल्यांदा पाहताना सोसाट्याच्या वाऱ्यात पदर सावरत निघालेली बाई वाटली. मी वहीचं पान भरलं, तरी ते सरळ उभं राहीना.

बाई नुसता अर्थ सांगून मोकळ्या व्हायच्या नाहीत. अक्षर कुठल्या मुलखात कसं नांदतं, ते सांगायच्या. चीननं याचं बाकीचं अंग छाटून एकच पंख ठेवलाय. कोरियात ते रोजच्या लिहिण्यातून जवळपास गेलं, पण 'बी' हा त्याचा आवाज राहिला, विमानाच्या नावात तो आजही आहे. व्हिएतनामनं ती अक्षरंच सोडून दिली, तरी 'फी' मागं उरला. वैमानिकाच्या नावात फी आणि घोडा चौखूर उधळला तरी फी. जपानीत मात्र 'तोबू' म्हणायचं. उडालं तरी तोबू, उडी मारली तरी तोबू.

"आपल्यातबी तेच की, बाई," मी म्हणाले. "उडनं आन उडी."

"मग पाठ करायला जड काय आहे गं तुला?"

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. कोरियन भाषेत 'बीहेंग' म्हणजे उड्डाण. पण लिहिताना पहिलं चिनी अक्षर बदललं तर आवाज तोच राहतो आणि अर्थ होतो वाईट चालीचं वागणं, वाया गेलेल्या पोरांचं. जपानीतही तसंच, 'हिकोओ'. ऐकून मला इतकं हसू फुटलं की अख्खा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. बाईंनी कारण विचारलं. मी चुलत्यांचा उडाणटप्पू सांगितला. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"चिनी लोकांत एक बोलणं आहे," त्या म्हणाल्या. "लांब जायचं, उंच उडायचं. जाचातून जो कायमचा सुटला त्याच्याबद्दल बोलतात तसं. हे सांग तुझ्या चुलत्यांना."

चुलत्यांना सांगायच्या फंदात मी पडले नाही. नागपंचमीला ते उडण्याचं अक्षर दारातच काढलं.

नागपंचमी म्हटलं की लोक शिराळ्याचं नाव घेतात, पण सण आमच्याही गावात मोठा. माहेरवाशिणी येतात, झाडांना झोके बांधले जातात, दारोदारी नागाची रांगोळी पडते. त्या वर्षी मी नाग-नागीण काढली आणि शेजारी, उंबऱ्यासमोर, हातभर मोठं ते अक्षर. आत लाल रंग भरला. पहिल्यांदाच ते माझ्या हातून सरळ उभं राहिलं होतं. शेजारची म्हातारी लाह्या घेऊन आली ती तिथंच थबकली. "अगं बया, ही कसली करनी काडलीयास दारात?" म्हणत ती मागं फिरली. तिचं ऐकून चुलते आले. मग आवाज ऐकून आप्पा, म्हणजे माझे वडील, बाहेर आले.

आप्पा सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. शेवटची वर्षं त्यांनी उत्तरेच्या सरहद्दीवर बर्फात काढली. घरी त्याबद्दल ते कधीच बोलायचे नाहीत. रांगोळी बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"चिनी हाय ही. पूस."

"जपानीबी हाय, आप्पा."

"मला शिकवू नगं. समोर उभं ऱ्हाऊन बगितलंय मी." मग, बहुधा पहिल्यांदाच, ते बोलत गेले. "ते हितं आन आमी हितं. मधी चार हात जागा. लाल कापडावर असली अक्षरं लिवून वर धरायचे. मागं सरा म्हनत्यात का शिव्या घालत्यात, आमाला काय कळायचं न्हाई. नुसतं बगत ऱ्हायचं. वाचनारा साहेब यील तवा कळायचं."

"मग आवं आप्पा, आपल्या घरात एकाला तरी वाचता यायला नगं?"

चुलते मधे पडले, "पूस म्हनला न्हवं बाप तुझा?"

"न्हाई पुसनार," मी म्हणाले. "पुसायचं असंल तर तुमी पुसा. मी उद्या परत काडीन."

आप्पांनी चपला घातल्या, रांगोळीला वळसा घातला आणि द्राक्षबागेकडं निघून गेले. चुलत्यांनीही मग पाय लावला नाही. त्यानंतर माझी एसटी चुकायची वेळ आली की आप्पा न सांगता मोटारसायकल काढायचे आणि मला फाट्यावर सोडायचे. भाषेबद्दल मात्र चकार शब्द काढायचे नाहीत.

परीक्षांना मी पुण्याला जात राहिले. एकदा नापास झाले, परत बसले. घटस्फोट झाला. पुढं बाईंच्याच ओळखीनं साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुभाष्याचं काम मिळालं. लोखंडी पत्रा दाबून त्याचे सुटे भाग करणारा कारखाना. जपानी गिऱ्हाइकाकडून तपासणीला एक वयस्क इंजिनिअर यायचे होते. ते असतील तितके दिवस मी त्यांच्याबरोबर फिरायचं.

पहिल्याच दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. एक मशीन बंद पडलं, इंजिनिअर आत वाकून काहीतरी बोलले आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला वाक्यातला फक्त 'तोंदा' कळला, तोबूचा भूतकाळ. काय उडालं? इथं कशाला काय उडेल? आणि एकदम आतून आलं, "फ्यूज उडालाय म्हनत्यात!"

"मग उडालाच आसंल की," म्हणत वायरमन कामाला लागला. जपानीतही फ्यूज उडतो. ठिणगी उडते, कपड्याचा रंग उडतो, कॉम्प्युटरमधलं सगळं उडून जातं, आणि आपण म्हणतो तसंच ते म्हणतात. शब्दकोश चाळून जे मी घोकत होते ते आमच्या गल्लीत रोज चाललेलं होतं. परक्याची भाषा शिकून काय करणार, असं मला विचारणाऱ्यांची मला त्या दिवशी कीव आली.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग आम्ही पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसच्या रांगेत आलो. प्रेसच्या तोंडाशी, हात आत जाऊ नये म्हणून, एक लोखंडी जाळी असते. ती नव्हती. स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. इंजिनिअरनी भोकावर बोट ठेवलं आणि प्रेसवरच्या कामगाराला विचारलं, जाळी कुठं आहे? मी मराठीत विचारलं. कामगार चाळिशीचा, पाटणकडच्या बोलीचा. त्यानं आधी आमच्याबरोबर फिरणाऱ्या मॅनेजरकडं बघितलं. मग सरळ इंजिनिअरांकडं बघून म्हणाला, "जाळी आसली की माल कमी निगतो, सायेब. म्हनून काडलीया. मागल्या म्हयन्यात आमच्यातल्या एकाचं बोट उडालं." बोलताना त्यानं स्वतःचं बोट वर धरून दाखवलं.

मॅनेजर माझ्या कानाशी आला. "मॅडम, बोटाचं तेवढं उडवा."

मी जाळीचं आणि मालाचं सांगितलं आणि थांबले. पाटणच्या घरात बाहेरचं कुणी आलं की सासू अशीच कानाशी यायची, तेवढं सांगू नको म्हणायची, आणि मी पदर गालावर ओढून चहा द्यायची.

इंजिनिअर माझ्याकडं बघत होते. कामगाराचं वर धरलेलं बोट त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "नानिका तोबाशिमाश्ता का?" तुम्ही काही गाळलंत का? तोबासू म्हणजे उडवणं. गाळणं म्हणजेही उडवणंच.

"हो," मी म्हणाले. "गाळलं. गाळायला सांगितलं होतं." आणि मग सांगितलं, "युबी गा तोबिमाश्ता." बोट उडालं.

इंजिनिअर प्रेसपाशी गेले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मग शेजारच्या प्रेसचं. मग त्याच्या शेजारच्या. रांग गप्प होत गेली.

दुपारी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही आपल्या माणसांच्या बाजूनं आहात की त्यांच्या?"

तो फ्यूज सोडला तर इतके दिवस मी तिथं छापील मराठी बोलत होते. ती कुठं गेली कोण जाणे. "आपला मानूस मंजे कोन वो?" मी म्हणाले. "ज्याचं बोट गेलं त्यो, का तुमी?"

दुसऱ्या दिवशी, आता येऊ नका, असा निरोप आला. त्या कामगारानं नंतर फोन करून सांगितलं की जाळ्या सगळीकडं बसल्या, मालाचा आकडा खाली आणावा लागला, आणि त्याला स्वतःला कुणी हात लावला नाही, कारण इंजिनिअर जाताना त्याचं नाव लिहून घेऊन गेले होते. त्याला माझी काळजी वाटत होती. मी म्हटलं, माझी करू नका.

गावी गेले तेव्हा आप्पा बागेत होते. काम गेलं म्हणून सांगितलं.

"कशापाय?"

सगळं सांगितलं. ऐकताना ते द्राक्षाची फूट खुडत होते, हात थांबला नाही.

"जाळी बसली का?"

"बसली."

"मग झालं," ते म्हणाले, आणि पाणी सोडायला पुढच्या ओळीकडं गेले.

त्या कारखान्यानं मला परत बोलावलं नाही. आणखी एक-दोन ठिकाणी माझं नाव 'तोंडाळ' म्हणून पोचलं होतं, तिथली दारंही उघडली नाहीत. बाकीच्यांकडं मी जाते, साताऱ्यात, सांगलीत, कधी पुण्यापर्यंत. खुर्चीवर बसायच्या आधी दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत, एकच सांगते: इथं जे बोललं जाईल ते सगळं पोचेल. ज्याला काही लपवायचंय त्यानं ते बोलूच नये. काही साहेबांना हे फोनवर सांगितलं की ते 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. खुशाल नका कळवू.