मे महिन्यातला तलाव

“मॅडम, तालाब है कहाँ?” सरकारी साहेबांनी विचारलं.

आम्ही त्याच्या मधोमध उभे होतो. मझौलीच्या पुढचं एक लहान गाव, मे महिना, सकाळचे अकरा. पायाखाली भेगाळलेली माती, काठावर बाभळी. लांबवर ऊन असं थरथरत होतं की तिथे पाणी आहे असंच वाटावं. नव्हतं. ही जमीन सोलर प्लांटला द्यायची की नाही हे साहेबांच्या पाहणीवर ठरणार होतं. इथे तलाव आहे, पॅनल लावू नका, असं सांगायला मी गावातर्फे आले होते. आणि साहेबांच्या हातात तीन वर्षांपूर्वीचा एक फॉर्म होता. ‘पडीत जमीन. सोलरसाठी योग्य.’ खाली सही माझी.

मी सर्व्हेचं काम करते. शहरात, अधारताल भागात आमच्या संस्थेचं ऑफिस आहे, दोन खोल्यांचं. तलाव वाचवणं, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणं, कोळशाऐवजी उन्हाची वीज यावी म्हणून अर्जांवर अर्ज करणं, असली आमची कामं. तीन वर्षांपूर्वी वरून विचारणा झाली, सोलरसाठी पडीत जागा कुठे कुठे आहेत त्याची यादी करून द्या. काय आनंद झाला होता आम्हाला! ऑफिसात पेढे आले. इतकी वर्षं आम्हीच मागे लागत होतो, आता कोणीतरी आम्हाला विचारत होतं.

यादीची पद्धत अशी. आधी कॉम्प्युटरवर सॅटेलाइटचा फोटो बघायचा. जी जमीन तपकिरी आणि रिकामी दिसेल तिच्यावर खूण करायची. मग तिथे जाऊन फोटो खरं बोलतो का ते तपासायचं. याला आमच्यात ग्राउंड ट्रुथिंग म्हणतात. नाव भारी आहे, पण काम म्हणजे जीपमधून उतरायचं, फॉर्म भरायचा, परत जीपमध्ये बसायचं. फोटो आम्ही मे महिन्याचा घेतला, कारण तेव्हा ढग नसतात, चित्र स्वच्छ येतं. जागेवरही मेमध्येच गेलो, कारण पुढे चिखलात जीप जात नाही. म्हणजे मेचा फोटो मेमध्येच जाऊन तपासला. जुळणारच की तो! ऑफिसात एवढी शिकलेली माणसं, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

फॉर्ममध्ये ‘पाणी’ असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं होतं, ‘नाही. एका कोपऱ्यात डबकं.’

या पाहणीच्या आधीच्या हिवाळ्यात त्या गावच्या फूलमतीबाई ऑफिसात आल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, पिशवीत उकडलेले शिंगाडे घेऊन. गावातली दहा-बारा घरं त्या तलावात शिंगाडा लावतात, त्यावरच त्यांची चूल पेटते. तलाव बुजवून सपाट करणार असं त्यांच्या कानावर आलं होतं. आम्ही तलाव वाचवतो एवढं ऐकून त्या दोन बस बदलून आल्या होत्या. जागांची यादी कोणी केली ते त्यांना माहीत नव्हतं. शिंगाडे गोड होते. चार खाल्ले आणि फाइल उघडली. गावाचं नाव वाचलं आणि पाचवा हातातच राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात मी तिकडे गेले. काठोकाठ पाणी, त्यावर शिंगाड्याची पानं पसरलेली. पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत आरामात चालत होता. मी किती वेळ तिथे बसले ते मला सांगता येणार नाही.

घाटे सर आमच्या संस्थेचे प्रमुख. माणूस सज्जन, पण संस्थेच्या नावाला फार जपणारा. त्यांचं म्हणणं, नवा रिपोर्ट द्या, तलाव आहे म्हणा, जुन्या फॉर्मचा विषयच नको.

“शुभाताई, तुम्ही जुनं काहून उकरून राहिल्या?” ते म्हणाले. “एक फॉर्म चुकला म्हटलं की अख्खी यादी चुकली म्हणतील. मग सोलरसाठी आपलं कोण ऐकेल?”

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं, त्याचाच मला त्रास झाला. त्या दिवसांत मी मदन महाल भागातल्या माझ्या घरी दुपारी गच्चीच्या दारात पडून असायची. समोर टेकडीवरचे काळे दगड. डोळे मिटत आले की ते डबकं दिसायचं. त्यात काहीतरी हिरवं होतं. शेवाळ समजून मी पुढे गेले होते. जाग यायची तेव्हा तळहाताला ओल असल्यासारखी वाटायची.

तर साहेबांचा प्रश्न. मी सांगून टाकलं की तो फॉर्म माझा आहे आणि तो चुकलेला आहे. घाटे सर मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी साहेबांना ऑक्टोबरचा सॅटेलाइट फोटो दाखवला, सगळा निळा-हिरवा. साहेब माणूस शांत होता. त्यांनी फोटो नीट बघितला आणि परत दिला. म्हणाले, पावसानंतर धानाच्या शेतातल्या बांधीतही पाणी दिसतं, तिला काय तलाव म्हणायचं? तेव्हाही कोरडं होतं, आजही कोरडं आहे, मग फॉर्म चुकला कुठे?

फोटो मी पिशवीत परत ठेवला. गेलं सगळं, असं वाटलं.

फूलमतीबाई इतका वेळ गावातल्या बायकांबरोबर मागे उभ्या होत्या. त्या नुसत्या चालायला लागल्या. आम्ही मागे गेलो. कोपऱ्यात बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्यांनी त्यातलं एक काटेरी झाकण सरकवलं. आत कमरेएवढा खोल खड्डा, खड्ड्यात पाणी, आणि पाण्यावर हिरव्या कातरलेल्या पानांची दाट नक्षी. माझं डबकं.

शिंगाड्याची रोपं होती ती. होळीच्या आधी खड्डा खणतात. प्रत्येक घर आपला निवडून ओला ठेवलेला शिंगाडा त्यात टाकतं. पुढे कोणाचा वेल कोणता ते कोणी विचारत नाही. रोज एक घर पाळीने हातपंपावरून पाणी आणून घालतं. तलाव भरला की हेच वेल काढून सगळीकडे लावतात. इतक्या महिन्यांत फूलमतीबाईंनी मला हे सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी नुसतं पाणी किती, पाणी किती, एवढंच विचारत होते. त्यांना वाटलं, खड्डा तर सगळ्यांनाच माहीत असतो.

साहेब उकिडवे बसले आणि त्यांनी पाण्यात हात घालायला पुढे केला. फूलमतीबाईंनी अडवलं. म्हणाल्या, साबण-तेल लागलं असेल, वेल कोमेजतो. मग हळूच म्हणाल्या, “तालाब तो यही है साहब। बाकी सब तो इसका बिछौना है।”

मी वर बघितलं. खरं सांगते, मला तो तलाव भरलेला दिसला. पाणी आमच्या डोक्यावरून गेलेलं, घाटे सरांचा चष्मा, साहेबांची टोपी सगळं खाली बुडालेलं, आणि वर उजेडात त्या कमळपक्ष्याची पावलं एकेक पानावर पडताहेत. मला रडू आलं. तीन वर्षांपूर्वी मी इथेच उभी होते आणि घाम पुसत ‘डबकं’ लिहून निघून गेले होते.

साहेबांनी विचारलं, आज पाळी कोणाची? एक बाई कळशी घेऊन पुढे आली. ते त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. “लिस्ट में ऐसे ‘डबके’ और कितने हैं?”

घाटे सरांकडे मी बघितलंच नाही. “आहेत सर,” मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं. तेही त्यांनी लिहिलं.

तलाव यादीतून निघाला. घाटे सरांना जी भीती होती तसंच झालं, अख्खी यादी परत आली आणि काम वर्षभर मागे गेलं. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळ्या जागा पुन्हा पायी फिरलो. काही ठिकाणी पाणी निघालं, काही खरोखरच पडीत होत्या. प्लांट आता रस्त्यापलीकडच्या बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत उभा आहे. शिंगाडे तोडायला तलावात फिरणाऱ्या डोंगीतून तो दिसतो. चांगला दिसतो.

धडा म्हणाल तर एवढाच, की मेचा फोटो मेमध्ये तपासू नये. आता आमच्या यादीतल्या प्रत्येक जागेला दोन हंगामांत दोनदा जायचं असा नियम आहे.

यंदाच्या मेमध्ये मी तिथे गेले तेव्हा पाळी फूलमतीबाईंच्या घराची होती. त्यांनी मला हात नुसत्या पाण्याने तीनदा धुवायला लावले आणि मग एक कळशी ओतू दिली. बाभळीखाली बसून मी फॉर्म भरला. ‘पाणी’च्या रकान्यात लिहिलं, ‘आहे. झोपलंय.’

घाटे सरांनी दुसरा शब्द खोडून ‘हंगामी’ केलं. ‘आहे’ तसंच ठेवलं.