कार्य शून्य

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई झोपलेलं मूल कडेवर घेऊन उभी होती. ती हलत नव्हती, पण तिचा दंड बारीक थरथरत होता. मला माझा कला शाखेचा सामान्य विज्ञानाचा वर्ग आठवला. भरलेली कळशी धरून नुसतं उभं राहिलं, तर कळशी हलत नाही, म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबात तिच्यावर केलेलं कार्य शून्य, असं मी तिथे शिकवलं होतं.

"सर, आमच्याकडे कार्य म्हणजे लग्न!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. त्या हशातच पुष्पाने विचारलं, "मग सर, हात का भरून येतो?"

"ते परीक्षेला नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे उत्तर मलाच येत नव्हतं. पुढे कळलं, तरी तिला सांगितलं नाही. तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

पुष्पा, तुझा प्रश्न बरोबर होता. कळशी हलत नाही, पण ती पेलणाऱ्या स्नायूंतले तंतू सतत आवळतात, सैलावतात, पुन्हा आवळतात. शांत दिसणाऱ्या हाताच्या आत केवढी लगबग चाललेली असते!

"द्या, थोडा वेळ मी धरतो," मी त्या बाईला म्हणालो.

"राहू द्या काका, झोपमोड होईल त्याची."

आणि जराही न हलता ती काम करत राहिली.