आपल्याच घरात काढलेली खोट

आमच्या राहत्या घराची किंमत एका सकाळी निम्म्यावर आली. भूकंप झाला नव्हता की पूर आला नव्हता. मी आणि माझे मामा, आम्ही दोघांनी ती बोलून बोलून खाली आणली, आणि मधे मी दोनदा चहा टाकला.

आधी माझा जुना गुन्हा सांगतो, म्हणजे हा नवा समजेल. आमचं घर सांगलीत, नदीपासून चार गल्ल्या अलीकडं. मागच्या पुरात गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं तेव्हा माझी बायको सुनीता म्हणाली, "आवं, माझ्या शिलाईच्या मशिनी वर घेऊया." मी बाहेर जाऊन पायऱ्या मोजल्या आणि जाणकारासारखं सांगितलं, "तिसऱ्या पायरीच्या वर पाणी येत नसतं." (हे मला कुणी सांगितलं होतं, ते आजतागायत आठवलेलं नाही.) दुपारी पाणी खिडकीला टेकलं. त्या गडबडीत मी माळ्यावर सुखरूप काय पोचवलं असेल? टीव्हीचा रिकामा खोका. टीव्ही खालीच राहिला. ज्या दोन मशिनींवर सुनीता अख्ख्या गल्लीची ब्लाउजं शिवायची, त्या चिखलात गेल्या. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी केव्हाच मोकळा झालो असतो.

पुढं तिनं स्वतःच्या कमाईतून नव्या मशिनी घेतल्या. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की या पावसाळ्याच्या आधी घराचा आणि मशिनींचा विमा उतरवायचा. तेवढं एक काम तरी वेळेवर करायचं.

दोन कंपन्यांकडून आकडे मागवले. एकीचा वर्षाचा हप्ता कमी, दुसरीचा जवळजवळ दुप्पट. आता यातला वाजवी कुठला? स्वस्तातला घ्यावा तर वाटे, यात काहीतरी गाळलेलं असणार. महागातला घ्यावा तर वाटे, हे आपल्याला गिऱ्हाईक समजलेत. तीन आठवडे मला चैन नव्हतं. कुपवाडला कारखान्यात जाताना गाडीवर तेच, जेवताना तेच. दोनदा तर विचारात वळण चुकलं आणि मी मिरजेच्या रस्त्याला लागलो.

शेवटी कारखान्यातल्या शिवाला विचारलं. तो माझ्या शेजारच्या मशिनवर असतो आणि त्याला सगळ्यातलं कळतं.

"सोपं हाय गड्या," शिवा म्हणाला. "पूर आला तर दोन्ही स्वस्त. न्हाई आला तर दोन्ही महाग."

"मग घेऊ कुठला?"

"आधी पूर येणार हाय का ते सांग. मग सांगतो."

अशा अवस्थेत आटपाडीहून आमचे बापूमामा आले. मामांचं सगळं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात गेलं. बकरं नुसतं चालताना बघून ते वजन सांगतात. मला वाटलं, ज्याला बकऱ्याचा भाव कळतो त्याला विम्याचा का कळू नये? (हा विचार मी त्या वेळी अगदी शहाण्यासारखा केला होता.) मी दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. मामांनी कागदाकडं बघितलंही नाही.

"इकतंय कोण?"

"कंपनी."

"आन् घेतंय कोण?"

"आपण."

"मग झालं की. घेणाऱ्यानं मालात खोट काढायची. दात बघायचं, पाय बघायचं, त्वांड वाकडं करायचं. भाव आपसूक खाली येतोय."

"पण मामा, इथं माल कुठला?"

मामांनी घरावरून नजर फिरवली. "ह्योच की. ह्येच्यावरच हप्ता लावत्यात न्हवं?"

इथं मला थांबता आलं असतं. कबूल करतो, मी थांबलो नाही. उलट मला ते एकदम पटलं. घर जितकं हलकं, तितका हप्ता हलका! तीन आठवडे डोकं खाणारा हिशेब मामांनी तीन वाक्यांत सोडवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महागातल्या कंपनीचा एजंट घर बघायला यायचा होता. निकम नावाचा साताऱ्याचा पोरगेलासा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलायला अतिशय अदबशीर. सुनीता शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. निकम आत आला, त्यानं मोबाईलनं भिंतीचा फोटो काढला, आणि मामांनी त्याच भिंतीवर टिचकी मारली.

"पोकळ हाय."

निकमनं वहीत लिहिलं, 'भिंत पोकळ.'

"आन् ही सलॅब. पावसात भांडी ठिवावी लागत्यात."

स्लॅब दोनच वर्षांपूर्वी नव्यानं टाकली होती. निकमनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि वर म्हणालो, "वायरिंगसुद्धा जुनंच आहे हो. ठिणग्या उडतात." (वायरिंग नवं होतं. पण मामा एकटेच किती बोलणार?)

"ठिणग्या?" निकमनं पेन उचललं. "रोज?"

"रोज नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "एकाआड एक."

मग आम्ही शिलाईच्या मशिनींपाशी आलो. सुनीता त्या रोज पुसते. मामांनी एका मशिनचं चाक फिरवलं, वाकून सुईच्या जागी बघितलं, जणू जबडाच उघडला.

"लय म्हाताऱ्या. भंगारवालासुदीक नेत न्हाई."

निकमनं तेही लिहिलं. लिहिताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मला त्याच्याबद्दल वाईट वाटून मी दुसऱ्यांदा चहा टाकला.

चहा झाल्यावर मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, निकमच्या उजव्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याचा हात धरला. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाआड बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. हे मला माहीत होतं. निकमला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला एकाएकी माया आली. तो संकोचून तसाच बसून राहिला. मामांनी तीन बोटं दाबली आणि डोळ्यांनी विचारलं, कसं काय? निकमनं घाबरून मान डोलावली.

"सौदा झाला," मामांनी जाहीर केलं.

नेमकी त्या वेळी सुनीता दारात आली. टॉवेलाखाली हात घालून बसलेले दोन पुरुष आणि शेजारी कपबशा घेऊन उभा मी, एवढं तिनं बघितलं.

"कोण आजारी हाय?" तिनं विचारलं.

निकमनं ती संधी साधली आणि हात सोडवून निघाला.

संध्याकाळी त्याचा सुधारलेला आकडा मोबाईलवर आला. घराची किंमत आधीच्या निम्मी. हप्ता मात्र वाढलेला, कारण ठिणग्या. पुराचं संरक्षण भिंत दुरुस्त केल्याशिवाय नाही. मशिनी यादीतूनच गायब. मी मोबाईल उशीखाली सारला, पण माझा चेहरा कुठं सारणार? सुनीतानं हात पुढं केला आणि सगळं मोठ्यानं वाचून काढलं.

"भिंत पोकळ. कुणाची भिंत?"

मी पंख्याकडं बघत बसलो.

"मशिनी भंगार. कोण म्हणलं?"

"आगं बाजारात तसंच बोलत्यात पोरी," मामा म्हणाले.

"मामा, दुसऱ्याचं बकरं घेताना तुमी खोट काढता, व्हय ना? आन् सोताचं बकरं असलं की?"

"तवा लय गुणाचं म्हणतो की."

"मग हे घर कुणाचं हाय?"

मामांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. "आयला," ते हळूच म्हणाले, "आपलंच की गं."

दोन दिवसांनी सुनीतानं निकमला परत बोलावलं. तो आला तो हात खिशात घालूनच. या खेपेला मामा उलट्या दिशेनं सुटले. "ही भित? हत्ती धडकला तर हत्तीलाच दवाखान्यात न्ह्यावं लागंल." सुनीतानं त्यांच्या हातात लसणाची परडी दिली आणि सोलायला बसवलं. मलाही दिली. मग तिनं निकमला स्लॅबची आणि मशिनींची बिलं दाखवली. वायरिंगचा बोर्ड उघडून दाखवला. आणि प्रश्न विचारायला लागली.

"घर पडलं तर ते परत बांधायला जेवढं लागतं तेवढं देणार, का जागेसकट बाजारात जो भाव हाय तो धरलाय?"

"बांधायचा खर्च, वहिनी. जागा कुठं वाहून जात नाही."

"मशिनी बुडाल्या तर नव्याची किंमत मिळणार, का वापरून झिजलेल्याची?"

"नव्याची. थोडा हप्ता वाढेल."

"आन् नुकसान झालं तर कंपनीनं द्यायच्या आधी किती आमच्या खिशातनं जाणार?"

निकमनं तेही सांगितलं. मग तिनं तेच तीन प्रश्न स्वस्तातल्या कंपनीला फोन करून विचारले. तिथं मशिनी झिजलेल्या धरत होते आणि पुराचं पाणी धरतच नव्हते. सांगलीत, नदीपासून चार गल्ल्यांवर! सगळ्यात शेवटी तिनं विचारलं, "बरं, हप्ता किती?" मी तीन आठवडे नेमका हा एकच प्रश्न विचारत फिरत होतो, आणि तोही पहिला.

निकमचा आकडा ठरला. सुनीतानं पेन हातात घेतलं.

"एक सांगायचं राहिलं, वहिनी," निकम म्हणाला. "घरच्याच माणसाच्या घोर निष्काळजीपणानं झालेलं नुकसान यात भरून मिळत नाही."

पेन सहीच्या जागेवर थांबलं.

"मग घ्यायचा कशाला?" सुनीता शांतपणे म्हणाली. "आमचं दुसऱ्या कशानं झालंय कवा?"

मामा लसूण सोलता सोलता इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुनीतानं सही केली. धोक्यांची यादी कागदावर छापलेली होती: आग, पूर, भूकंप, चोरी. माझं नाव त्यात कुठंच बसत नव्हतं, म्हणून मी हात पुसून साक्षीदाराच्या जागी सही केली.