तेच वजन

फरीदाबादच्या मार्केटमधल्या वाद्यांच्या दुकानात मी मुलीसाठी गिटार बघायला गेलो होतो. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते, ऑफिसचं आयकार्ड अजून गळ्यातच. त्यांनी रुमालातून लाकडाची एक ढलपी काढली, कडेला काळपट, आत मधासारखी पिवळी. भिंतीवरच्या एकेका इलेक्ट्रिक गिटारला ती लावून ते रंग जुळतो का पाहू लागले.

शेवटी एक जुळणारी सापडली, मानेच्या बुडाशी एकाच बाजूला खाच असलेली.

दुकानदार शेजारची दुसरी दाखवत म्हणाला, "सर, यही फिनिश इसमें ले लो. हल्की है, सस्ती भी."

"नहीं. वज़न भी वही चाहिए."

मला फोनवर मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं असावं. माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलगा घर सोडून गेलाय. परत आला तर खोलीत त्याची गिटार नको का?"

"पण वजन कसं लक्षात राहिलं? तुम्हीही वाजवता?"

"छे हो. एकदाच उचलली होती."

मग त्या जड गिटारची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून त्यांनी ती कुऱ्हाडीसारखी डोक्यावर उगारली.

"अरे भाईसाहब!" दुकानदार ओरडला.

ते क्षणभर डोळे मिटून तसेच उभे राहिले. मग गिटार अगदी हळू खाली ठेवत म्हणाले, "हीच."

त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. मला दिसत राहिला तो मुलगा, त्या दिवशी त्यांच्यासमोर उभा असलेला.