दसऱ्याला पुसलेले आकडे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल करतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

जळगाव जामोदला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, वडनेर भोलजीच्या एक काकू आपल्या लेकीला, रूपालीला, घेऊन आल्या. सोबत गोधडीत गुंडाळलेला जुनाट डेस्कटॉप! काकूंचे मिस्टर गावात कॉम्प्युटर शिकवायचे. रूपाली पाळण्यात असतानाच ते गेले. त्याआधी लेकीशी बोलताना त्यांनी आपला आवाज या मशीनमध्ये रेकॉर्ड केला होता. दुसरीकडे कुठेच तो आवाज नव्हता.

"लगन ठरलं तिचं. त्याच्या आंधी बापाचा आवाज आयकू द्या तिले, भाऊ," काकू म्हणाल्या.

सेटिंग लक्षात ठेवणारा सेल कधीच मेला होता. नवा बसवला. पण इतक्या जुन्या मशीनला हार्डडिस्कची मापं हाताने भरून द्यावी लागतात. तीन आकडे, डिस्कच्या लेबलवर छापलेले. लेबल पाहिलं तर कोरं, वर नुसते हळदीचे डाग!

"दर दसऱ्याले ओल्या फडक्यानं पुसून हळद-कुंकू लावलं म्या. त्याइचं मशीन नं..." काकूंचा चेहरा उतरला.

चिडचिड झाली माझी, खोटं कशाला बोलू! डिस्क नव्या मशीनला जोडली — ओळखेना. अंदाजाने आकडे भरले — चालेना. शेवटी सेल काढला, बोर्डावरच्या पिनांना जंपर लावून सेटिंगची मेमरी पार कोरी केली आणि हात टेकले. "नाही जमत, काकू."

काकूंनी डिस्कवर हात ठेवला आणि समोर नवराच बसलाय अशा तिच्याशी बोलल्या. "अवो, आकडे म्या पुसले. माह्यावरचा राग लेकीवर काऊन काढता? तुमीच सांगा आता."

रूपाली रडायला लागली. निव्वळ त्यांच्या समाधानासाठी मी बटण दाबलं. सेल माझ्या मुठीतच होता. सेटअप उघडला... आणि डिस्कच्या रकान्यांत तिन्ही आकडे भरलेले! अंगावर सर्रकन काटा आला. एंटर दाबलं. डिस्क घरघरली आणि चक्क सुरू झाली. रेकॉर्डिंग शोधून लावलं.

स्पीकरमधून खरखरत आवाज आला — "म्हण नं व माय... बा-बा." मग नुसती खरखर. तो माणूस उत्तराची वाट बघत थांबला होता.

"बाबा," रूपाली म्हणाली.

आवाज मोबाईलवर उतरवून घेतला. काकूंना विचारून मशीन ठेवून घेतलं आणि नंतर कितीदा तरी सेल काढून पाहिला. दर वेळी रकाने शून्य! तेच आकडे हाताने भरले की मात्र डिस्क चालते. मित्र म्हणतात, "तूच आधी भरले असशील, विसरला." मला ते आकडे माहीतच नव्हते, तर भरणार कुठून?

लग्नाला आग्रहाचं बोलावणं होतं. अंतरपाट धरला होता, भटजी घाई करत होते. रूपालीनं सगळ्यांना थांबवलं, मोबाईल कानाला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि मगच पुढे झाली. कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या मांडवात बाप हजर होता, एवढं मला पक्कं वाटलं.